चहातून गोळी देऊ का?

वारज्याहून एका ताईंचा प्रश्न आहे. नवरा ३६ वर्षांचा, हिंजवडीत नोकरी. तीन आठवड्यांपासून रात्रीची झोप नाही. वरच्या मजल्यावरचे लोक पाइपवर ठोकून इशारे देतात, ऑफिसातले फोनमधून ऐकतात, असं तो म्हणतो. पडदे दिवसाही ओढलेले, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, राउटर काढून माळ्यावर. चार दिवस झाले, घरचं जेवण बंद. आमटीला वास येतो म्हणे. डॉक्टरांचं नाव काढलं की "तूही त्यांना सामील झालीस". सासूबाईंच्या मते हे बाहेरचं आहे. पाच वर्षांची मुलगी आहे. ओळखीच्या मेडिकलवाल्याने एक गोळी दिली आहे. ती चहातून देऊ का?

चहाकडे येते. त्याआधी आजची रात्र.

आज एकटीने राहू नका. दीर, भाऊ, जुना मित्र, ज्याच्याबद्दल त्याच्या मनात अजून संशय नाही असं एखादंच माणूस मुक्कामाला बोलवा. एकच. घरात एकदम चार-पाच जण जमले की त्याच्या दृष्टीने ती टोळी होते. मुलीला काही दिवस मावशीकडे किंवा आजोळी पाठवा. तिला "बाबाला बरं नाहीये, त्याला भीती वाटतेय, तुझ्यामुळे काही झालेलं नाही" एवढं सांगितलं तरी पुरतं. सुऱ्या, विळी, फिनेल, उंदराचं औषध, जुन्या उरलेल्या गोळ्या नजरेआड करा. बाहेरून कडी मात्र घालू नका. भ्यालेल्या माणसाला दार बंद दिसलं की तो खिडकीकडे बघतो, आणि तुम्ही पहिल्या मजल्यावर राहत नसणार.

दोन गोष्टी त्याला सरळ विचारा. आवाज ऐकू येत असतील तर ते काही करायला सांगतात का? आणि हे सगळं इतकं असह्य झालंय, तर जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून रडू फुटलेली माणसं मी पाहिली आहेत. उत्तर "हो" असेल, उशाखाली सुरी सापडली, तो वरच्यांच्या दारावर धडका द्यायला निघाला किंवा तुमचं नाहीतर मुलीचं नाव शत्रूंच्या यादीत आलं, तर समजूत काढत बसू नका. आधी तुम्ही बाहेर पडा, मग ११२ किंवा १०८ फिरवा. ससूनची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते.

आता मी कोण ते सांगते. मी डॉक्टर नाही. मनोविकारांच्या क्षेत्रात समाजकार्यकर्ती म्हणून पुण्यात पंचवीसेक वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी लोकांच्या घरात, दिवाणखान्यात नाहीतर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून. त्यामुळे गोळीचं नाव माझ्याकडून मिळणार नाही. घराचं मात्र सांगू शकते.

भिंतीला कान असतात, असं आपण सहज म्हणतो. तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत ती म्हण राहिलेली नाही, एवढाच फरक झालाय. आपल्या कानांवर दिवसभरात हजार आवाज पडतात आणि मेंदू त्यातले बहुतेक टाकून देतो. पाइपचा आवाज तुमच्या इमारतीत पहिल्यापासून होता. कुठली गोष्ट महत्त्वाची आणि कुठली नाही, हे ठरवण्यात डोपामिन नावाच्या रसायनाचा मोठा वाटा असतो. त्याचं गणित बिघडलं की प्रत्येक आवाज, प्रत्येक नजर, लिफ्टमधलं कुणाचं खोकणंसुद्धा "हे तुझ्यासाठी आहे" असं म्हणू लागतं. अशा अवस्थेत काही दिवस काढून बघा म्हणजे कळेल, माणसाची पाचावर धारण बसते. आणि मग एक दिवस उलगडा होतो: वरचे लोक माझ्यावर पाळत ठेवतात! तो उलगडा खोटा असला तरी त्याच्यासाठी मोठा आधार असतो, कारण त्यामुळे बाकीच्या सगळ्या गोष्टींचा अर्थ लागतो. तुम्ही वाद घालता तेव्हा तो आधारच काढून घेत असता. म्हणून तो तुमच्यावर उखडतो.

शत्रू कोण, हे मात्र काळ ठरवतो. माझ्या सुरुवातीच्या काळात लोक सीआयडी आणि रेडिओबद्दल सांगायचे, पेठेतल्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडाने केलेल्या करणीबद्दल सांगायचे. मग केबलची वायर आली, मग मोबाइलचा टॉवर, आता फोनचा कॅमेरा. भीती तीच, कपडे बदलतात.

याला लगेच स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-संशयाचा दीर्घकाळ चालणारा आजार, म्हणायची घाई करू नका, आणि कुणाला करूही देऊ नका. काही आठवड्यांत येऊन काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत पूर्ण ओसरणारे झटके आपल्याकडे बरेच दिसतात. नाव काय द्यायचं हे पुढच्या काही महिन्यांत आजार कसा वागतो त्यावर ठरतं. डॉक्टर तुम्हाला काही प्रश्न नक्की विचारतील, त्यांची उत्तरं आधीच शोधून ठेवा. गांजा ओढतो का? पार्टीत कधीतरी असं नाही, रोज? दारू रोजची होती आणि अलीकडे एकदम बंद केली का? तसं असेल तर दोन-तीन दिवसांत भास, थरथर, घाम सुरू होतो, आणि तो वेगळाच, जिवावर बेतू शकणारा प्रकार आहे. दमा किंवा त्वचेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत? थायरॉइड, बी-१२? ताप आला होता? याआधी कधी उलट झालं होतं का, म्हणजे झोप नाही पण अंगात प्रचंड जोर, मोठमोठ्या योजना, पैसे उधळणं? हेच सगळं सत्तरीच्या माणसाला दोन दिवसांत झालं असतं, तर मी संशयाकडे बघितलंसुद्धा नसतं; लघवीचा संसर्ग आणि रक्तातलं सोडियम आधी तपासा म्हटलं असतं.

बोलायचं कसं? तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "मी त्याला शंभर वेळा समजावलं." आता एकशेएकाव्या वेळी समजावू नका. संशयाला सोडा, भीतीशी बोला. म्हणजे असं:

"ऐकलंस? पुन्हा ठोकलं त्यांनी."

इथे "काही नाहीये, भास होतोय तुला" नको. आणि त्याला बरं वाटावं म्हणून "हो रे, मीपण ऐकलं" हेही नको; उद्या त्याच साक्षीवर तो पोलिस चौकी गाठेल. "मला तसं काही जाणवलं नाही. पण तू घाबरलायस, तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही तुझ्या. मी इथे बसते. दिवा ठेवू का चालू?" बस. तुमचं मत तुमच्याजवळ, त्याचं त्याच्याजवळ, आणि मध्ये दिवा चालू. आवाज खालचा ठेवा, समोरासमोर डोळ्यांत बघत बसण्यापेक्षा शेजारी बसा, दार त्याच्या पाठीमागे येणार नाही असं बघा. घरात आपापसात कुजबुज पूर्ण बंद. सासूबाईंशी बोलायचं असेल तर नेहमीच्या आवाजात बोला किंवा खाली जाऊन बोला. स्वयंपाकघरात दबक्या आवाजात चाललेलं बोलणं त्याला ऐकू येतं, आणि ते खरोखर त्याच्याबद्दलच असतं! एवढ्या एका बाबतीत त्याचा संशय बरोबर आहे.

फोनची झडती. उद्या तो तुमचाही फोन तपासायला मागू शकतो. अजून तुमच्यावर तो संशय घेत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण "सामील झालीस" ही त्याची सुरुवात असू शकते. फोन दाखवल्याने शंका मिटत नाही. एक तपासून झालं की पुढचं निघतं. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेऊ नका. "मी तुझ्याविरुद्ध काही करत नाहीये, आणि हे तुला आत्ता पटत नाहीये हेही मला कळतंय" इतकं म्हणा आणि थांबा. संशय बायकोच्या चारित्र्याकडे वळला तर मात्र मला जास्त काळजी वाटते. अशा घरांत हात उचलला जातो, कधी त्याच्याही पुढे जातं. तसं दिसलं की माहेरी जाण्यात कमीपणा मानू नका.

जेवण. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण चार दिवसांची उपासमार आणि तीन आठवड्यांचं जागरण यांनी धडधाकट माणसाचंही डोकं फिरेल. त्याच्यासमोर चमचाभर आमटी चाखून "बघ, मला काही झालं का?" असं करू नका. तो म्हणेल, हिने उतारा आधीच घेतलाय. आणि त्याच्या जगात ते तर्काला धरून आहे. त्याऐवजी निवड त्याच्या हातात द्या. केळी, उकडलेली अंडी सालासकट, शहाळं, बंद पुड्यातली बिस्किटं. दुधाची पिशवी त्याने आणावी, त्यानेच फोडावी, त्यानेच तापवावी. पिठलं-भात करायचा असेल तर त्याला ओट्याशी उभं राहू द्या, डब्यातून पीठ त्यालाच काढू द्या. एकाच पातेल्यातून वाढा, आधी त्याला वाढून घेऊ द्या. न जेवला तर ताट तसंच झाकून ठेवा, मागे लागू नका. पाणी पितो का, लघवीला जातो का, हे बघत राहा. पाणीही सोडलं तर दवाखाना उद्यावर ढकलू नका.

आणि आता चहा. नको.

हे पाप मी केलेलं आहे, म्हणून सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका वाड्यातला कॉलेजात जाणारा मुलगा, हीच तक्रार: घरचे विष घालतात. आई हातापाया पडली, मी मान डोलावली, आणि ती गोळी कुटून वरणातून देऊ लागली. नऊ दिवस सगळे खूश. दहाव्या दिवशी त्याला वाटीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. तोवर विष हा त्याचा भ्रम होता. त्या दिवसापासून त्याच्याकडे पुरावा आला. पुढचे चार महिने तो केळी, पार्ले-जी आणि स्वतः सोललेली अंडी यांवर राहिला, आणि आईने पुढे केलेला पाण्याचा पेलाही त्याने घेतला नाही. औषधाने तो पुढे बरा झाला. आईच्या हातचं जेवायला त्याला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला.

शिवाय सोपी व्यवहाराची बाजू आहे. भास-संशयावर देतात त्यातल्या काही गोळ्यांनी, विशेषतः तरुण पुरुषांमध्ये, पहिल्या काही दिवसांत मान एकीकडे वळून ताठ होते, डोळे वर जातात, जबडा आवळतो. दिसायला भयंकर असतं, इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतं. पण गोळी चोरून दिली असेल तर तुम्ही त्याला काय सांगणार? आणि त्याने काय समजायचं? आपल्याकडे सर्रास चहातच घालतात, म्हणून हेही सांगून टाकते: रिस्पेरिडोन या अशाच एका औषधाचं जे पातळ रूप मिळतं, ते चहात किंवा कोलात मिसळू नये असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. पाण्यातून, कॉफीतून, दुधातून चालतं. काही डॉक्टर अगदी नाइलाज झाला तर थोडे दिवस असं द्यायला सांगतात, ते मला माहीत आहे. तो निर्णय माणूस तपासलेल्या डॉक्टरांचा. मेडिकलवाल्याने न बघता दिलेली गोळी त्याला परत करा.

मग न्यायचं कसं? झोपेच्या नावाने. हे खोटं नाही, त्याला झोप नाहीये आणि ती त्यालाही हवी आहे. "वेडाचा डॉक्टर" आणि "तुझ्या संशयाचा इलाज" या दोन्ही वाटा आत्ता बंद आहेत, झोपेची उघडी आहे. तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर, ज्यांच्याकडे तो लहानपणापासून जातोय, त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांना आधी तुम्ही एकट्या भेटा. जाताना वहीत लिहून न्या: कोणत्या तारखेपासून, किती तास झोप, काय खाल्लं, आणि तो जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. "विचित्र वागतो" यातून डॉक्टरांना काही कळत नाही. "राउटर काढून माळ्यावर ठेवला, कारण त्यातून विचार बाहेर जातात म्हणाला" यातून बरंच कळतं. वाट काढता येत नसेल तर १४४१६ वर टेली मानसला तुम्ही स्वतः फोन करा. ही सरकारी, फुकट सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं आणि नातेवाइकांनीही करायची असते. पासपोर्टच्या कामाला जाऊ म्हणून गाडीत बसवायचं आणि हॉस्पिटलच्या दारात उतरवायचं, हा आपल्याकडचा आवडता डाव. एकदाच चालतो.

अगदीच तयार नसेल आणि जिवाला धोका असेल, तर कायद्यात सोय आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, नामनिर्देशित प्रतिनिधीची (म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाची) संमती घेणं शक्य असेल तिथे घेऊन, ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. त्याने आधी दुसऱ्या कुणाचं नाव लिहून ठेवलेलं नसेल तर नातेवाईक म्हणून ती भूमिका तुमच्याकडे येऊ शकते. त्याच्या इच्छेविरुद्ध भरती करायची तर तुमच्या अर्जावर दोघा तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि अशी भरती सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत. त्याला पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव ऐकून लोक दचकतात. पण आता "टाकून दिलं" असं करताच येत नाही.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना दृष्ट काढायची असेल तर मीठ-मोहरीने काढू द्या, अंगारा लावू द्या. आईचा हात कपाळाला लागतो, त्यात वाईट काही नाही. माझी हद्द अशी: उपास नाही, रात्रभराचं जागरण नाही, औषध बंद नाही, आणि कुठल्याही देवऋष्याने अंगाला हात लावायचा नाही. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून याच शहरात झाला आणि त्यानंतर काही दिवसांत तो अध्यादेश निघाला, हे पुण्यात तरी कुणाला सांगावं लागू नये.

सोसायटीच्या ग्रुपवर काही लिहू नका. वरच्या घरी मात्र तुम्ही स्वतः जा. "त्याला बरं नाहीये, झोप होत नाही. दारात आला तर वाद घालू नका, मला फोन करा." कारणं देत बसायची गरज नाही.

औषध सुरू झालं की काय होतं? झोप आणि तगमग काही दिवसांत सुधारते. संशय उतरायला आठवडे लागतात, आणि तो एकदम जात नाही. बरे होत आलेले लोक म्हणतात, "अजून कधीकधी वाटतं, पण त्याचं आता काही वाटत नाही." हे ऐकलं की मला बरं वाटतं. पहिल्या झटक्यानंतर डॉक्टर साधारण वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात. माणसं मधेच सोडतात ती बहुतेकदा वजन वाढतं, दिवसभर गुंगी राहते किंवा शरीरसंबंधात अडचण येते म्हणून. हे शेवटचं पुरुष कुणाला सांगत नाहीत, नुसती गोळी टाकून देतात. तुम्हीच विचारा, डॉक्टरांना सांगा. औषध बदलता येतं. गणपतीचे दिवस जवळ असतील तर झोपेची सोय आधी करा. खिडकीखाली ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला तर सरळ गावी जा.

भीती उतरल्यावर बरेचदा उदासी येते. आपण काय काय बोललो ते माणसाला आठवतं, आणि लाज वाटते. त्या दिवसांत "तू मला काय म्हणाला होतास माहितीये?" हे टाळा. तुमचा राग खोटा नाही, पण तो काढायची जागा दुसरी शोधा. टोचून बोलणं आणि सतत मागे लागणं यांनी आजार उलटतो, हे लंडनमधल्या संशोधनातून पुढे आलं. १९८० च्या दशकात चंडीगडच्या घरांत तेच तपासलं तेव्हा तिथे टोचून बोलणं बरंच कमी आढळलं. आपल्या घरांचं थोडं कौतुक करायला हरकत नाही. पण ज्या घरात सगळा भार एकाच बाईवर असतो, तिथे ती कधीतरी टोचणारच. तुमच्यापासून जवळच, धायरीला, स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं केंद्र आहे, डॉ. जगन्नाथ वाणी यांनी ही संस्था उभी केली. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. शब्द जरा सोवळे वाटतात, मलाही सुरुवातीला वाटले होते. पण शुभंकरांच्या बैठकीत जाऊन बसा. तुम्ही अर्धं वाक्य बोललात की समोरची बाई उरलेलं पूर्ण करते.

लॅपटॉपवरची चिकटपट्टी निघाली की नाही, यावर तो बरा झाला का हे मोजू नका. जेवतो का, झोपतो का, मुलीला शाळेत सोडतो का, ते बघा. माझ्या ओळखीच्या एकाच्या लॅपटॉपवर ती अजून आहे. चांगली नोकरी करतो. परवा विचारलं तर हसून म्हणाला, "मॅडम, आता तर कंपनीच लावायला सांगते."